सांबार नाही, कोथिंबीर : भंडाऱ्याहून नाशकात येणाऱ्यांसाठी

विदर्भ एक्सप्रेस नाशिकरोडला लागते तेव्हा अजून अंधारच असतो. २००७ च्या डिसेंबरात आम्ही दोघं उतरलो तेव्हा स्वेटर ट्रंकेच्या तळाशी होते आणि दोघांत मिळून एक शाल. उजाडेपर्यंत तशीच बसून राहिले. थंडी आपल्याकडेही पडते, पण इथली हाडात शिरते. जवळच निफाडला द्राक्षं वाचवायला बागांमधून शेकोट्या पेटवतात. हिवाळ्यात येत असाल तर गरम कपडे वरच्या पिशवीत ठेवा.

दुसरी गोष्ट आम्हाला कुणी सांगितली नव्हती. स्टेशन म्हणजे नाशिक नव्हे. जुनं शहर तिथून नऊ-दहा किलोमीटर आहे. आम्ही उतरलो तिथंच, जेलरोडला खोली घेतली आणि ह्यांची कंपनी निघाली सातपूरला, म्हणजे पार दुसऱ्या टोकाला. सातच्या पाळीसाठी हे साडेपाचला घर सोडायचे, दोन बस बदलायचे. संध्याकाळी द्वारका चौकात अडकले की जेवण थंड. असे आठ महिने गेले. म्हणून खोली कामाच्या जागेवरून ठरवा, स्टेशनवरून नाही. काम सातपूर-अंबडला असेल तर सातपूर, सिडको किंवा पाथर्डी फाटा बघा. सिन्नरच्या कारखान्यात असेल तर नाशिकरोडच बरं. ओझरला असेल तर पंचवटी किंवा आडगाव नाका. सिडको हे इथं वस्तीचं नाव आहे, कागदोपत्री तिलाच नवीन नाशिक म्हणतात. पत्ता विचारताना हे ठाऊक असलं म्हणजे गोंधळ होत नाही.

खोली घेताना तोंडी बोलण्यावर जाऊ नका. जेलरोडची खोली सोडताना आमची अनामत बुडाली, कारण पावती नव्हती. पाच हजार रुपये तेव्हा आमच्यासाठी फार होते. अकरा महिन्यांचा भाडेकरार नोंदवून घ्या. गॅस, बँक, पोरांची शाळा, सगळीकडे तोच कागद मागतात.

मग आम्ही सातपूरला अशोकनगरला आलो आणि माझं नाशिक तिथून सुरू झालं. पहिल्याच आठवड्यात भाजीवालीला म्हटलं, “सांबार द्या बरं दहाचा.” ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. आपला सांबार इथं कोथिंबीर असतो. आलू म्हणजे बटाटा, फल्ली म्हणजे शेंगदाणे. मी मनात इतकी खट्टू झाले की पुढं महिनाभर ह्यांनाच बाजारात पाठवलं. तसं करू नका. ती भाजीवाली मला हसली नव्हती, तिला शब्द कळला नव्हता, एवढंच. आणि घरात आपली बोली मोडू नका. “काय करून राहिला?” असं माझी मुलगी, जन्म नाशकातला, आजही विचारते आणि मला बरं वाटतं.

इथले लोक गोदावरीला गंगा म्हणतात. “गंगेवर जाऊन येते” असं कुणी म्हणालं तर ते रामकुंडाकडे निघालेत. दर बुधवारी गंगाघाटावर आठवडे बाजार भरतो, एकदा तरी तिथं जाऊन भाजी घ्याच. तिथंच नदीपात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की सगळं नाशिक विचारतं, पाणी मारुतीच्या कुठवर आलं? गुडघ्याला, कमरेला, छातीला. त्यावरून सराफ बाजारातले दुकानदार माल वर उचलायचा की नाही ते ठरवतात. ऑगस्ट २०१९ च्या पुरात घाटावरची लहान देवळं पाण्याखाली गेली होती. आपण वैनगंगेकाठची माणसं, पूर आपल्याला नवा नाही. तरी पाणी चढत असताना घाटावर बघायला जाऊ नका.

पाऊसही निराळा. आपल्याकडे ढग गडगडून येतात, झोडपतात, मग ऊन पडतं. इथं चार-चार दिवस नुसती रिपरिप. कपडे वाळत नाहीत, घरात दोरी बांधायची सोय आधी बघून ठेवा. उन्हाळ्याचं मात्र सुख आहे. दुपार तापते, पण रात्री वारा सुटतो. कूलर आणायचा खर्च पहिल्या वर्षी करू नका.

एक जागा मी प्रत्येक नव्या माणसाला स्वतः घेऊन जाते, पंचवटीतलं काळाराम मंदिर. बाबासाहेबांनी मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला इथं सुरू केला. धर्मांतराची घोषणा झाली याच जिल्ह्यात, येवल्याला, १३ ऑक्टोबर १९३५ ला. आणि दीक्षा आपल्याकडे, नागपुरात, १९५६ ला. मधे १९५४ ला ते आपल्या भंडाऱ्यातून पोटनिवडणूक लढले आणि हरले. त्या दारासमोर पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा मला हे गाव परकं वाटेनासं झालं. घरून पाहुणे आले की पांडवलेणीही दाखवा. नाव पांडवांचं असलं तरी लेणी बौद्ध आहेत. चढण मध्यम आहे, म्हाताऱ्यांना सकाळी न्या.

मिसळीला तर्री पोह्यांची सर शोधू नका. काळ्या मसाल्याचा रस्सा, पाव, पापड, सोबत दही. ती वेगळीच चीज आहे, दोन महिन्यांत जीव बसतो.

२०२७ ला सिंहस्थ आहे. २०१५ च्या पर्वणीला गाड्या अडवल्या होत्या, हे रात्रपाळीला पायी गेले. पर्वणीच्या आधी दूध, किराणा, औषधं भरून ठेवा. आणि गावाकडून स्नानाला कोण कोण येणार ते आधीच विचारून घ्या, कारण आपल्या माणसांना नाही म्हणता येत नाही.

शेवटचं, तांदूळ. इथं इंद्रायणी चांगला मिळतो, पण तो चिकट, आपल्या मोकळ्या भाताची सर त्याला येत नाही. पहिल्या दिवाळीला गेले तेव्हा भावाने नवा तांदूळ बांधून दिला. त्यातली एक पायली शेजारच्या ताईंना दिली. फेब्रुवारीत त्यांच्या माहेरून, पिंपळगावहून, द्राक्षांची पेटी आली ती आधी आमच्या दारात. तेव्हापासून धान निघालं की भाऊ फोन करून विचारतो, किती पोती पाठवू? मी दोन सांगते. एक आमचं, एक ताईंचं.