लॉस एंजेलिसमध्ये ब्रेकफास्ट बरिटो शोधताय? या चुका टाळा

लॉस एंजेलिसमधल्या ‘बेस्ट’ ब्रेकफास्ट बरिटोंच्या याद्यांना तोटा नाही. अडचण एवढीच की यादीतली निम्मी ठिकाणं तुमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर असतात. बरिटो, म्हणजे टॉर्टियात (मेक्सिकन पोळीत) अंडी, बटाटे, चीज वगैरे गुंडाळलेला रोल, हा मुळात कामावर निघालेल्या माणसाचा नाश्ता. एका हातात धरायचा, उभ्याउभ्या किंवा गाडीच्या बॉनेटला टेकून संपवायचा आणि पुढच्या कामाला लागायचं. तव्यावरून उतरल्यावर पंधरा मिनिटांत खाल्ला तर त्याची किंमत कळते, नंतर तो नुसताच जड लागतो. त्यामुळे उत्तम बरिटो शोधायचा म्हणजे आधी आपल्या रस्त्यावरचा शोधायचा. बाकीच्या बहुतेक चुका हे विसरल्यामुळे होतात.

यादी हातात घेऊन शहर पालथं घालणं

लॉस एंजेलिस काउंटीत ८८ शहरं आहेत आणि प्रत्येकाला आपलाच बरिटो भारी वाटतो. पॅसाडिनाचे लोक आरोयो पार्कवेवरच्या ‘लकी बॉय’ची शपथ घेतात, तर अ‍ॅटवॉटर व्हिलेजमधले ‘टाकोस व्हिला कोरोना’च्या इवल्याशा खिडकीसमोर रांग लावतात. दोन्ही ठिकाणं चांगलीच आहेत. पण अर्व्हाइनहून किंवा आर्टेशियाहून शनिवारी दहाला निघून, फ्रीवेवर अडकून, मग अर्धा तास रांगेत उभं राहून जे हातात पडतं, त्याच्याबद्दलचं मत भुकेचं असतं, चवीचं नसतं.

त्यापेक्षा जोनाथन गोल्डची वाट धरा. खाद्यसमीक्षेसाठी २००७ साली पुलित्झर मिळवणारा हा पहिला लेखक. तरुणपणी त्याने पिको बुलेव्हार्ड हा एकच रस्ता धरला आणि त्यावरच्या खाण्याच्या जागा एकामागून एक पालथ्या घातल्या. तुम्हाला एवढं करायची गरज नाही. घर ते ऑफिस हा रस्ता घ्या, सकाळी सात ते नऊ या वेळात बांधकामावरचे मजूर, नर्सेस आणि पालिकेच्या गाड्या कुठे थांबतात ते बघा. तिथून सुरुवात करा.

कुठला बरिटो हवाय हेच न ठरवणं

‘ब्रेकफास्ट बरिटो’ या एका नावाखाली इथे किमान तीन वेगळे पदार्थ विकले जातात. पहिला जुन्या बर्गर स्टँडचा. यातले बरेच स्टँड ग्रीक कुटुंबांनी चालवले, त्यामुळे एकाच फलकावर बर्गर, पास्त्रामी (मसाला लावून खारवलेलं मांस) आणि बरिटो सुखाने नांदतात. इथे अंडी, बेकन, हॅश ब्राउन (किसून खरपूस परतलेला बटाटा) आणि भरपूर पिवळं चीज. दुसरा मेक्सिकन स्वयंपाकघरातला, त्यात चोरिझो (मसालेदार सॉसेज), बीन्स, माचाका (वाळवून पिंजलेलं मांस) असं काहीबाही. तिसरा कॉफीवाल्या कॅफेंचा, ज्यात अ‍ॅव्होकॅडो असतो, टेटर टॉट्स (किसलेल्या बटाट्याचे तळलेले गोळे) असतात आणि बिल बघून कधीकधी भूक मरते. एकाची अपेक्षा ठेवून दुसऱ्याकडे गेलात तर दोघांवरही अन्याय होतो.

शेजारच्यांचं आणखी वेगळंच. सॅन डिएगोवाले बरिटोत फ्रेंच फ्राइज घालतात. न्यू मेक्सिकोत भाजलेल्या हिरव्या मिरचीशिवाय पान हलत नाही. तिथल्या सांता फेमधलं ‘तिया सोफियाज’ तर १९७५ साली ‘ब्रेकफास्ट बरिटो’ हे नाव मेन्यूवर पहिल्यांदा आपणच छापलं असं सांगतं. मॅकडॉनल्ड्सने तो देशभर नेला १९९१मध्ये, म्हणजे बऱ्याच नंतर.

आणि प्रत्येक मेक्सिकन हॉटेलात बरिटो मागू नका. गव्हाची टॉर्टिया ही उत्तर मेक्सिकोची, सोनोरा-चिवावाकडची. दक्षिणेकडे मका चालतो. दक्षिणेतल्या वहाकाच्या माणसाने चालवलेल्या हॉटेलात जाऊन बरिटो मागणं म्हणजे सावंतवाडीच्या खानावळीत पुरणपोळीची फर्माईश करण्यासारखं. मिळेलही एखाद्या वेळी, पण तिथे जाऊन मोले (मिरच्या-मसाल्यांचा दाट रस्सा) सोडून दुसरं काही का खायचं?

आत काय आहे यावरच लक्ष, बाहेरच्या पोळीकडे दुर्लक्ष

सगळ्यात मोठी चूक ही. मेन्यू वाचताना लोक बेकन की सॉसेज यावर पाच मिनिटं घालवतात आणि टॉर्टियाबद्दल एक अक्षर विचारत नाहीत. चांगल्या ठिकाणी काउंटरपाशी उभं राहून नुसतं बघा. टॉर्टिया तव्यावर पडते, तिच्यावर फोड येतात, काही जागी तपकिरी डाग पडतात, आणि ती उचलली की दोन्ही बाजूंनी लोंबते. मोडत नाही. त्याच तव्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात अंडी फुटल्याचा आवाज येतो, बटाटे उलथन्याने दाबले जातात, चीज अंड्यांवर पडून तिथेच विरघळतं. मग सगळं गुंडाळून बरिटोची दुमड खाली करून तो पुन्हा मिनिटभर तव्यावर ठेवतात, म्हणजे शिवण चिकटते. या शेवटच्या मिनिटात बरिटो घडतो किंवा बिघडतो.

याउलट टॉर्टिया वाफेच्या पेटीतून निघाली, अंडी स्टीलच्या ट्रेमधून चमच्याने काढली आणि तुमची ऑर्डर दीड मिनिटात तयार झाली, तर तिथे फार आशा ठेवू नका. आठ-दहा मिनिटं थांबावं लागणं हे इथे चांगलं लक्षण. आकारावरही भाळू नका. दोन पौंडांच्या बरिटोत बहुतेक वेळा बटाटाच कोंबलेला असतो.

अ‍ॅपवरचे तारे मोजण्यापेक्षा लोकांनी टाकलेले कापलेल्या बरिटोचे फोटो बघा. अंडं पिवळं आणि ओलसर दिसतंय की रबरासारखं, बटाट्याच्या कडा खरपूस झाल्यात की तो पांढराफटक आहे, सगळं एका टोकाला गोळा झालंय का, हे फोटोत लपत नाही. एक तारा देणाऱ्यांपैकी अर्धे लोक पार्किंगवर चिडलेले असतात.

‘नो मीट’ म्हटलं की शाकाहारी झालं असं समजणं

आपल्याकडच्या पाहुण्यांची इथे हमखास फसगत होते. मांसाचा तुकडा नाही म्हणजे मांस नाही, असा काउंटरमागच्या माणसाचा सरळ हिशोब असतो. बीन्स डुकराच्या चरबीत परतलेले असू शकतात. सोनोरा पद्धतीच्या कितीतरी टॉर्टियांच्या पिठातही तीच चरबी असते. लाल भात चिकनच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो. या चरबीला स्पॅनिशमध्ये ‘मांतेका’ म्हणतात. ‘लोस फ्रिहोलेस तिएनेन मांतेका?’ एवढं एक वाक्य पाठ करा आणि टॉर्टियाबद्दलही तेच विचारा. उत्तरात ‘वेहेताल’ आलं तर ते वनस्पती तूप, चिंता नाही.

सगळ्यात फसवं नाव ‘चिले वेर्दे’. हिरवी मिरची समजून आपली माणसं हौसेने मागवतात आणि हातात येतो हिरव्या रश्शात शिजवलेल्या डुकराच्या मांसाचा बरिटो. ‘चिले रेयेनो’ मात्र बिनधास्त मागवा, अंडं चालत असेल तर. चीज भरलेली मोठी मिरची अंड्याच्या पिठात तळून ती अख्खी बरिटोत घालतात. भरल्या मिरचीवर वाढलेल्या माणसाला ती लगेच आपली वाटते. निवडुंगाचे ‘नोपालेस’ आणि सोयाबीनचा ‘सॉयरिझो’ हेही चांगले पर्याय. अंडंही नको असेल तर बॉइल हाइट्समधल्या ‘अल अँड बीज’सारख्या १९६६पासून चालणाऱ्या ठिकाणचा बीन्स-चीज बरिटो बघा, पण मांतेकाचा प्रश्न तिथेही विचाराच.

बीफ टाळणाऱ्यांसाठी: फलकावर नुसतं ‘आसादा’ लिहिलं असलं तरी ते बीफ. माचाका बीफ, पास्त्रामीही बीफ. चोरिझो बहुतेक डुकराचा, पण बीफचाही मिळतो. आणि शाकाहारी बरिटो वेगळ्या तव्यावर भाजतात असं गृहीत धरू नका. बेकनचा तवा तोच असतो.

बिघडलंच, तर कुठे बिघडलं?

मधला भाग गार आणि चीज घट्ट लागत असेल तर चीज गुंडाळताना वरून टाकलंय. पुढच्या वेळी अंड्यांवरच विरघळवून द्या म्हणून सांगा. तळ ओला होऊन फाटला तर दोष साल्साचा किंवा चिरलेल्या टोमॅटोचा; साल्सा बाजूला मागा आणि घासागणिक वरून घाला. बटाटा पिचपिचीत असेल तर ‘हॅश ब्राउन वेल डन’ म्हणायला लाजू नका, इथे रोज म्हणतात. टॉर्टिया कोरडी पडून तडकली तर ती नीट गरमच केली नव्हती.

घरपोच मागवलेला बरिटो ओलसर येतो यात दुकानाचा फारसा दोष नाही. फॉइलमध्ये कोंडलेली वाफ टॉर्टियाला भिजवते. गाडीतून नेणार असाल तर फॉइलचं एक टोक उघडं ठेवा.

बाकी किरकोळ. बऱ्याच ठिकाणी नाश्ता अकराच्या सुमारास बंद होतो, लहान ठिकाणी रोखच लागते, आणि रस्ता झाडण्याच्या दिवसाची पाटी न वाचता गाडी लावलीत तर दंडाच्या पैशात घरातल्या सगळ्यांचे बरिटो आले असते. काउंटीने १९९८पासून खिडकीत लावायला सुरू केलेली ‘ए’, ‘बी’, ‘सी’ ही अक्षरं स्वच्छतेची आहेत, चवीची नाहीत. ‘ए’ म्हणजे नव्वद किंवा जास्त गुण. मी ‘बी’ला घाबरत नाही, ‘सी’ दिसलं तर पुढे जातो.

उरलेला अर्धा बरिटो मायक्रोवेव्हमध्ये टाकू नका, टॉर्टिया चिवट होते. फॉइल काढा, अ‍ॅव्होकॅडो असेल तर उपसून बाजूला ठेवा, आणि कापलेली बाजू आधी तव्यावर टेकवून मंद आचेवर झाकण ठेवा. सात-आठ मिनिटांनी उलटा.