दोन देशांचा गॅसबाजार जोडण्याआधी

शेजारी देशाशी गॅसबाजार जोडायचा असेल, तर गॅसवाहिनीचे काम चालू असतानाच नियमांची फाइल उघडा. फिनलंड, एस्टोनिया आणि लाटव्हियाने तेच केले. फिनलंडमधील इन्को ते एस्टोनियातील पाल्दिस्की ही समुद्राखालून जाणारी बाल्टिककनेक्टर वाहिनी १ जानेवारी २०२० पासून चालू झाली आणि त्याच दिवशी तिघांमधल्या सीमांवरचे वाहतूक शुल्कही उठले.

आधी मालकी तपासा. वाहिनीचा मालकच गॅसही विकत असेल, तर बाहेरचा विक्रेता तिकडे फिरकणार नाही. लाटव्हियाने २०१७ मध्ये ही फारकत केली, तेव्हा वाहिन्या आणि इन्चुकाल्न्सचा भूगर्भातील साठा कोनेक्सस या वेगळ्या कंपनीकडे आला.

मग पैशाचे बोला, आणि इथे घाई करू नका. प्रत्येक वेशीवर जकात भरत आलेला गॅस स्वस्त राहत नाही, म्हणून या तिघांनी बाहेरून आत शिरण्याचा दर सगळीकडे सारखा ठेवला. पण सीमाशुल्क उठले की कुणाचे तरी उत्पन्न बुडते. ते कोण, किती आणि किती वर्षे भरून देणार, हे सह्यांनिशी ठरलेले हवे. शेजारच्या लिथुआनियाकडे क्लायपेडाचे एलएनजी (जहाजाने येणारा द्रवरूप गॅस) उतरवून घेणारे टर्मिनल होते, तरी महसुलाच्या वाटणीवर जुळले नाही आणि तो बाहेर राहिला. माझ्या मते सगळ्या यादीत अवघड काम हेच.

मोजमापही एक करून घ्या. हिशेब घनमीटरमध्ये नको, किलोवॅट-तासांत हवा, कारण प्रत्येक गॅसची उष्णता सारखी नसते. गॅसचा दिवस, म्हणजे हिशेबाचे चोवीस तास, तिन्हीकडे सकाळी सातला सुरू होतो. आत घातलेला आणि काढलेला गॅस जुळवण्यासाठी एस्टोनिया-लाटव्हियाने एकच क्षेत्र केले. फिनलंडने आपले वेगळे ठेवले. म्हणजे सगळे एकदम करायलाच हवे असे नाही.

शेवटी संकटाचा करार. ८ ऑक्टोबर २०२३ रोजी जहाजाचा नांगर ओढला जाऊन बाल्टिककनेक्टर फुटली, ती एप्रिल २०२४ मध्ये पुन्हा चालू झाली. तोवर फिनलंडला इन्कोच्या तरंगत्या एलएनजी टर्मिनलने तारले. प्रत्येकाकडे असे टर्मिनल नसते. म्हणून टंचाईत कुणाचे कारखाने आधी थांबतील, शेजाऱ्याच्या घरांना किती गॅस जाईल आणि त्याचा दर काय, हे शांततेच्या दिवसांतच लिहून ठेवा.