चहावालीने चहा कसा सोडवला

गोव्यात डिचोलीच्या बसस्थानकाजवळ माझा गाडा आहे. पहाटे पाचला शेगडी पेटते. पातळ भाजी, पाव आणि चा. तीच बाई चहा कमी करायला सांगते म्हणून हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

पहिलं काम मोजायचं. माझं म्हणणं होतं, मी दिवसाला तीनच चा पिते. लेकीने तीन दिवस भिंतीवर कोळशाने रेघा ओढल्या, त्या दिवसाला आठ निघाल्या. 'चव बघते' म्हणून घेतलेला अर्धा ग्लास मी कधी धरतच नव्हते. वर दुपारच्या दोन कॉफ्या. माझ्या छोट्या ग्लासात साधारण 40 मिलिग्रॅम कॅफीन असतं, इन्स्टंट कॉफीत 60 ते 80. म्हणजे साडेचारशेच्या आसपास. धडधाकट मोठ्या माणसाने दिवसाला 400 च्या वर जाऊ नये असं सांगतात. गरोदर बाईला 200, कारण तिच्या अंगातून ते फार हळू निघतं. दूध जास्त घातलं म्हणून कॅफीन मरत नाही, आणि चहा उकळून उकळून काळा केला तर मुख्यतः तुरटपणाच वाढतो. कॅफीन बहुतेक पहिल्या काही मिनिटांतच उतरलेलं असतं.

ते करतं काय, हे कदंबच्या बसमध्ये बघा. गर्दीत कोणी खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतो ना, तसं. दिवसभर जागं राहिलं की मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचा पदार्थ साठतो, तो आपल्या जागी बसला की झोप येते. कॅफीन त्याच्या सीटवर रुमाल टाकतं. शीण गेलेला नसतो, दांड्याला धरून उभा असतो. रुमाल उचलला की सगळे एकदम बसतात, आणि आपण म्हणतो, आणखी एक चा दे गो.

आता घड्याळ. प्यायलेल्या कॅफीनचं अर्धं अंगातून जायला साधारण पाच तास लागतात, कोणाला कमी, कोणाला जास्त. संध्याकाळी सहाचा चहा घेतला तर अकराला अर्धा शिल्लक, पहाटे चारला चौथा हिस्सा. मी साडेनऊला आडवी होते आणि चारला उठते. म्हणजे मी झोपेतही चहा पीतच होते! किती ग्लास पिता यापेक्षा शेवटचा कधी, हे आधी ठरवा. माझा दीडला. त्यानंतर धणे-जिऱ्याचं कषाय, नाहीतर अंगणातल्या गवती चहाच्या पातीचं पाणी. नावात चहा असला तरी त्यात कॅफीन नसतं.

एकदम मात्र सोडू नका. मी चवथीच्या आधी सोडला, व्रतासारखा. दुसऱ्या दिवशी माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात ती फळांची चौकट, बांधताना डोकं असं ठणकलं की काय सांगू. डोकेदुखीची गोळी घेतली, तासाभरात उतरलं. लेकीने पाकीट वाचलं तर गोळीतच कॅफीन! म्हणजे सोडलेला चहाच मी गोळीतून घेतला. हे दुखणं सोडल्यावर साधारण अर्ध्या ते एका दिवसात सुरू होतं आणि काहींचं आठवडाभरही टिकतं. म्हणून दर चार दिवसांनी अर्धा ग्लास, असं कमी करत जायचं. सकाळचा पहिला शेवटपर्यंत ठेवा. तो काढायला गेलात तर घरात भांडण.

जेवणावर लगेच चहा नको, त्यातल्या तुरट द्रव्यांमुळे भाजीतलं लोह कमी अंगी लागतं. रक्त कमी असलेल्या बायकांना मी तासभर थांबायला लावते, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

टिप्परवाले रात्री येतात, त्यांना चहा नको म्हणणं मूर्खपणा. त्यांना एक युक्ती सांगते: चा प्या, आणि लगेच केबिनमध्ये पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटा. कॅफीन चढायला अर्धा तास लागतोच, तेवढ्यात डुलकीही होते. डोळेच मिटत असतील तर गाडी बाजूला लावून झोपायचं, तिथे माझा चहा कामाचा नाही. आणि विडी सोडलेल्यांनी चहाही आवरावा: धूर ओढणाऱ्याच्या अंगातून कॅफीन लवकर निघतं, विडी सुटली की तोच ग्लास जड जातो. आमच्या शेजारच्या काकांना महिनाभर वाटत होतं, विडी सोडल्यानेच छाती धडधडते. त्यांची विडी सुटली होती, पण माझ्याकडचे सहा चहा तसेच चालू होते. आता ते दोनच घेतात, आणि उरलेल्या वेळात पेपर वाचत माझं बाकडं अडवतात.