गटातून सेंद्रिय प्रमाणपत्र: शिवारफेरीत काय पाहायचं

सेंद्रिय प्रमाणपत्र म्हटलं की बाहेरच्या संस्थेचा निरीक्षक, त्याची फी आणि कागदांची चळत डोळ्यांसमोर येते. माल जवळच्याच ग्राहकांना विकायचा असेल तर दुसरा रस्ता आहे: सहभागी हमी पद्धत, म्हणजे पीजीएस. गटातले शेतकरीच एकमेकांची शेतं तपासतात, ग्राहकही सोबत येऊ शकतात. पण म्हणून काही नियम सैल होत नाहीत. रासायनिक खत, तणनाशक, जनुकीय बदल केलेलं बियाणं, यातलं काहीच चालत नाही. फ्रान्समधली 'नेचर ए प्रोग्रे' ही संघटना १९७० च्या दशकापासून असं काम करते. २००४ साली ब्राझीलमध्ये टोरेस इथे झालेल्या बैठकीनंतर पीजीएस हे नाव रुळलं. भारत आणि ब्राझीलमध्ये या पद्धतीला सरकारी मान्यता आहे. निर्यातीला मात्र सहसा त्रयस्थ संस्थेचंच प्रमाणपत्र लागतं.

नव्या माणसाला मी सांगतो, अर्ज नंतर भरा, आधी दुसऱ्याच्या शिवारफेरीला या.

नुसतं पीक पाहून फारसं कळत नाही. मी पहिल्यांदा बांधावर जातो. शेजारच्या रानात फवारणी होते का, वारा कुठून येतो, मध्ये मोकळा पट्टा सोडलाय का, वरच्या शेताचं पाणी इकडे उतरतं का. मग अवजारांची खोली. बियाण्याची पाकिटं मागून घेतो. दाण्यांवर गुलाबी किंवा निळा रंग दिसला तर बहुधा रासायनिक बीजप्रक्रिया झालेली असते. फवारणीचा पंप स्वतःचा की मागून आणलेला, हे विचारतोच, कारण तणनाशक मारलेल्या पंपात त्याचा अंश राहतो. शेणखत विकतचं असेल तर कुणाकडचं? असे प्रश्न काहींना झोंबतात. तरी विचारायचे.

शेजारी शेजाऱ्याला पास करणारच, असा आक्षेप हमखास येतो. तो रास्त आहे, आणि त्याची सोय नियमातच करावी लागते. अमेरिकेतल्या 'सर्टिफाइड नॅचरली ग्रोन' या अशाच प्रमाणपत्र योजनेत दोन शेतकऱ्यांनी एकमेकांची तपासणी केलेली चालत नाही. आमचा गटही तसंच करतो, आणि निर्णय सगळ्यांसमोर घेतो. पण शेजाऱ्याच्या नजरेला एक बळही असतं. वर्षातून एकदा येणाऱ्या निरीक्षकापेक्षा कोणाच्या रानात कधी काय फवारलं, हे त्याला जास्त ठाऊक असतं.

नोंदवही त्या त्या संध्याकाळीच लिहा, बियाण्या-खताच्या पावत्या तिच्यातच चिकटवा. महिनाअखेरीला आठवून लिहिलेली वही तपासणाऱ्याला लगेच ओळखू येते. रासायनिक शेतीतून येत असाल तर साधारण दोन ते तीन वर्षांचा रूपांतरण काळ धरून चाला. तेवढ्या काळात माल 'सेंद्रिय' म्हणून विकू नका, ग्राहकाने कितीही आग्रह केला तरी.

आणि गट निवडताना एक प्रश्न जरूर विचारा: आजवर कोणाचं प्रमाणपत्र रोखलंय का, आणि कशासाठी? ज्या गटाकडे याचं लेखी उत्तर असेल, त्याच्याकडे अर्ज द्या.