हत्तीरोगावर प्रोजेक्ट घेताय? आधी कंट्रोल गट (तुलनेसाठीचे रोग नसलेले लोक) नीट निवडा

जीवनचक्र, रोग पसरवणारा क्यूलेक्स डास, मायक्रोफायलेरिया (रक्तात फिरणारी जंताची पिल्लं) हे सगळं तुम्हाला येतंच. ठाणे जिल्हा राज्यातल्या हत्तीरोगग्रस्त जिल्ह्यांत मोडतो, त्यामुळे नमुन्यांसाठी विदर्भच गाठायला हवा असं नाही.

पाय सुजलाय म्हणजे रक्तात जंत खच्चून असणार, हे डोक्यातून काढा. बहुतेकदा उलटं असतं. ज्याच्या रक्तात मायक्रोफायलेरिया सापडतात तो धडधाकट दिसतो, कारण जंताने त्याची प्रतिकारयंत्रणा गप्प केलेली असते: आयएल-१० (प्रतिकार आवरणारं प्रथिन) वाढलेलं, आयजीजी४ (एक प्रकारचं प्रतिपिंड) भरपूर, जंताच्या अँटीजेनला (प्रतिकारयंत्रणा ओळखते त्या अंशाला) टी-पेशींचा, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींचा, प्रतिसाद थंड. सुजलेल्या पायवाल्यांत टीएच१ आणि टीएच१७ (दाह पेटवणाऱ्या टी-पेशींचे) प्रतिसाद जोरात, लसिकावाहिन्यांभोवती दाह, आणि स्लाइड बहुधा कोरी.

खरा घोळ कंट्रोल गटात होतो. नवी मुंबईतल्या दिघा-रबाळेकडच्या वस्तीत दुपारी रक्त घेतलं, स्लाइड निगेटिव्ह आली, माणूस 'निरोगी' गटात टाकला. संपलं! मायक्रोफायलेरिया रक्तात येतात रात्री, साधारण १० ते २ दरम्यान. रात्रीची स्लाइड निगेटिव्ह आली तरी अंगात प्रौढ जंत असू शकतात. असे चार-पाच जण कंट्रोलमध्ये घुसले की दोन्ही गटांचं आयएल-१० सारखंच दिसतं आणि तुम्ही ते मोजणाऱ्या एलायझा किटला शिव्या घालत बसता. म्हणून रात्रीची स्लाइड आणि अँटीजेन पट्टी (रक्तातलं जंताचं अँटीजेन दाखवणारी झटपट चाचणी), दोन्ही निगेटिव्ह असतील तरच कंट्रोल.

पट्टीवर ७५ मायक्रोलिटर रक्त, वाचन बरोबर १० मिनिटांनी. उशिरा वाचलीत तर खोटी रेघ उमटते. स्लाइडसाठी ६० मायक्रोलिटरचा जाड थर, रात्रभर वाळवून आधी पाण्यात हिमोग्लोबिन काढा, मगच जिम्सा रंग. आधी मिथेनॉलमध्ये फिक्स केलं तर तांबड्या पेशी तशाच राहतात, खाली काही दिसत नाही.

इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढले म्हणजे फायलेरिया, म्हणजे हत्तीरोगच, असं सांगणारे गाइड भेटतील. मान डोलवा, पण शौचतपासणी करून घ्या. पोटातल्या जंतांनीही ते वाढतात.

घाबरू नका, स्लाइड वाचायला हात लवकर बसतो: बँक्रॉफ्टी या हत्तीरोगाच्या जंताच्या मायक्रोफायलेरियाला आवरण असतं आणि शेपटीच्या टोकाला केंद्रकं नसतात. अवघड आहे ते रात्री रक्त द्यायला माणसं तयार करणं. त्यासाठी एकटे जाऊ नका, पालिकेच्या हिवताप-फायलेरिया कर्मचाऱ्यांबरोबर जा. एथिक्स कमिटीची परवानगी आधी, आणि जो पॉझिटिव्ह निघेल त्याच्या औषधाची सोय रक्त घेण्यापूर्वीच ठरलेली हवी.