फ्लू आणि घरातलं जोखमीचं माणूस: पहिल्या ४८ तासांची तयारी आधीच करून ठेवा

फ्लू झाला की धडधाकट माणूस चार-पाच दिवस अंथरूण धरतो, पुढे आठवडाभर खोकतो आणि कामाला लागतो. त्याच घरातल्या दुसऱ्या कुणाला मात्र तोच विषाणू थेट ऑक्सिजनपर्यंत नेतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार फ्लूमुळे श्वसनाचे विकार होऊन जगात दरवर्षी २ लाख ९० हजार ते साडेसहा लाख माणसं दगावतात. त्यांतली बरीच माणसं आधीच ओळखता येण्यासारखी असतात. तेव्हा पहिलं काम म्हणजे आपल्या घरात असं कोण आहे हे साथ यायच्या आधी ठरवणं.

जोखमीचं कोण?

वय ६५च्या पुढे असेल तर इतर काही आजार नसला तरी धरायचं. पाच वर्षांखालची मुलं धरायची, त्यातही दोन वर्षांखालची जास्त. गरोदर बाई आणि बाळंतपणानंतरचे दोन आठवडे. दमा, सीओपीडी (श्वासमार्ग अरुंद होत जाण्याचा फुफ्फुसाचा जुना आजार), हृदयविकार, मधुमेह, किडनी किंवा लिव्हरचा जुना आजार, सिकल सेल (रक्ताचा आनुवंशिक आजार), पूर्वी पक्षाघात झालेला असणं. एचआयव्ही, कॅन्सरचे उपचार, अवयव प्रत्यारोपण किंवा रोजच्या स्टिरॉइडच्या गोळ्या. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा) ४० किंवा जास्त, म्हणजे १६५ सेंमी उंचीच्या माणसाचं वजन साधारण १०९ किलोच्या वर.

यादीत लोक हमखास विसरतात ते दोन गट. एक, ज्यांना नीट खोकता किंवा गिळता येत नाही असे मेंदू-मज्जातंतूंच्या विकारांचे रुग्ण. कफ बाहेर पडत नाही आणि फुफ्फुसात साचतो. दुसरा, ‘आता बरा आहे’ असा दमेकरी. वर्षभर इन्हेलर लागला नाही म्हणजे श्वासनलिका निबर झाल्या असं नव्हे.

लस: कधी, कोणती

लस घेतल्यावर संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात आणि पुढच्या काही महिन्यांत ते ओसरत जातं. म्हणून आपल्याकडे साथ ज्या महिन्यात चढते त्याच्या काही आठवडे आधी घ्यावी. उशीर झाला तरी साथ चालू असेपर्यंत घेण्यात अर्थ आहे. विषाणू बदलतो, त्यामुळे लसीतले प्रकार दरवर्षी नव्याने ठरतात. मागच्या वर्षीच्या डोसवर भिस्त ठेवू नये.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देत नाहीत. त्याचं संरक्षण आईने गरोदरपणात घेतलेल्या लसीतून येतं. ती कोणत्याही महिन्यात चालते. सहा महिने ते आठ वर्षांचं मूल पहिल्यांदाच लस घेत असेल तर किमान चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. दुसरा डोस चुकला की पहिल्याचाही पुरेसा उपयोग होत नाही, आणि तोच डोस सर्रास चुकतो. ६५च्या पुढच्यांसाठी जास्त मात्रेची किंवा अ‍ॅडज्युव्हंट (लसीचा परिणाम वाढवणारा घटक) असलेली लस मिळत असेल तर ती मागावी. मिळत नसेल तर साधी घ्यावी, थांबू नये. नाकात फवारायची लस जिवंत विषाणूची असते. गरोदर बायका आणि प्रतिकारशक्ती खालावलेल्यांना ती चालत नाही.

इंजेक्शनच्या लसीने फ्लू होत नाही. दंड दुखतो, एखादा दिवस कणकण येते, एवढंच. साथीतले विषाणू लसीशी चांगले जुळले तर डॉक्टरकडे जावं लागेल असा फ्लू होण्याची शक्यता सुमारे ४० ते ६० टक्क्यांनी घटते. म्हणजे लस घेऊनही फ्लू होऊ शकतो, आणि म्हणूनच पुढचा भाग आहे.

एक कागद लिहून ठेवा

फ्लूवरचं औषध, ओसेल्टामिविर, लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांत चालू झालं तर सर्वांत जास्त उपयोगी पडतं. हे तास वाया जातात ते ‘दोन दिवस वाट बघू’ म्हणण्यात आणि जुने रिपोर्ट शोधण्यात. एकाच पानावर हे लिहून फ्रिजवर लावा: आजार, चालू औषधं मात्रेसह, वजन, शेवटचं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी), एरवीचा ऑक्सिजन (बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा), अ‍ॅलर्जी, लसीची तारीख, डॉक्टरांचा फोन. वजन आणि क्रिएटिनिन मुद्दाम सांगतो आहोत. मोठ्या माणसाचा नेहमीचा डोस ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस. पण किडनी कमी काम करत असेल तर तो घटवावा लागतो, आणि मुलांचा वजनावर ठरतो. पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारून ठेवा: ताप आला तर फोन कुणाला, आणि रात्री काय करायचं?

एरवीचा ऑक्सिजन बरा असतानाच मोजा. सीओपीडीच्या काहींचा नेहमीचाच आकडा ९१ असतो. तो माहीत नसेल तर आजारपणात विनाकारण धावपळ होते, नाहीतर खरी घसरण नजरेतून सुटते.

लक्षणं दिसल्याचा दिवस

फ्लू सहसा अचानक येतो: सकाळी ठीक, संध्याकाळी अंग मोडून ताप. म्हाताऱ्या माणसांत मात्र ताप येईलच असं नाही. जेवण सोडणं, गुंगी, असंबद्ध बोलणं, उभं राहताना तोल जाणं हीच कधीकधी सुरुवात असते. साथीच्या दिवसांत यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी फोन करा. रॅपिड टेस्ट निगेटिव्ह आली तरी फ्लू नाही असं ठरत नाही. जोखमीच्या माणसाला डॉक्टर रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू करू शकतात. दोन दिवस उलटून गेले असले तरी विचारा, कारण गंभीर आजारात उशिरा दिलेल्या औषधाचाही फायदा होऊ शकतो. गोळीने मळमळतं, म्हणून खाऊन घ्यावी. ताप उतरला तरी पाचही दिवस पूर्ण करायचे.

घरात दुसऱ्या कुणाला फ्लू झाला असेल तर जोखमीच्या माणसाने प्रतिबंधक औषध घ्यावं का, हेही लगेच विचारावं. प्रत्येकाला लागतं असं नाही.

औषधांत होणारे घोळ

सर्दी-तापाच्या मिश्र गोळ्यांत बहुधा पॅरासिटामॉल असतं. वरून वेगळी पॅरासिटामॉल घेतली की दिवसाची मर्यादा नकळत ओलांडते. ही मर्यादा मोठ्या माणसाला जास्तीत जास्त ४ ग्रॅम आहे. लिव्हरचा आजार, कमी वजन किंवा दारूची सवय असेल तर त्याहून कमी. नाक मोकळं करणाऱ्या गोळ्यांनी रक्तदाब चढतो. आयबुप्रोफेन किडनीचा आजार, हार्ट फेल्युअर आणि उत्तर गरोदरपणात टाळावं. मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नये, रे सिंड्रोमचा (मेंदू आणि लिव्हरला इजा करणारा दुर्मीळ, गंभीर आजार) धोका असतो. दीर्घकाळ अ‍ॅस्पिरिनवर असलेलं मूल म्हणूनच जोखमीच्या यादीत येतं; मात्र ते औषध परस्पर बंद करू नका.

मधुमेह्यांनी विशेष सांभाळायचं. तापात जेवण घटलं तरी साखर चढते, म्हणून इन्सुलिन मनाने बंद करू नये. साखर दर चार तासांनी बघावी. उलट, उलट्या होत असतील किंवा पाणीही पोटात ठरत नसेल तर मेटफॉर्मिन आणि ‘फ्लोझिन’ने नाव संपणाऱ्या गोळ्या थांबवायच्या का, हे त्याच दिवशी विचारावं. दमा-सीओपीडीवाल्यांनी रोजचा इन्हेलर चालूच ठेवावा. नेब्युलायझर लावताना खिडकी उघडी हवी आणि इतरांनी खोलीबाहेर थांबावं, कारण फवाऱ्याबरोबर विषाणूही पसरू शकतो.

थांबू नका, निघा

धाप लागणं, छातीत दुखणं किंवा दाटणं, ओठ निळसर पडणं, भ्रम, न उठणारी ग्लानी, आकडी (फिट) येणं, लघवी जवळपास बंद होणं. ऑक्सिजन ९२ किंवा खाली; एरवीचाच आकडा तेवढा कमी असेल तर त्यापेक्षा स्पष्ट कमी. मुलांत श्वासागणिक बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाणं, आठ तास लघवी नसणं, रडताना अश्रू न येणं. बारा आठवड्यांच्या आतल्या बाळाला कोणताही ताप आला तर थेट दवाखाना.

सगळ्यांत फसवं लक्षण पाचव्या-सातव्या दिवसाच्या आसपासचं. ताप उतरतो, माणूस जेवू लागतो, घरचे निर्धास्त होतात. आणि पुन्हा ताप, दाट पिवळा किंवा रक्ताळलेला कफ, श्वासाबरोबर बरगडीत चमक. फ्लूने सोललेल्या श्वासनलिकेत जिवाणू शिरून न्यूमोनिया झालेला असू शकतो. ओसेल्टामिविरचा त्यावर काही उपयोग नाही, अँटिबायोटिक लागतं आणि तेही लवकर. हृदयरोग्यांत फ्लूनंतरच्या पहिल्या आठवड्यात हार्ट अटॅकचा धोकाही बराच वाढलेला असतो, तेव्हा छातीतलं दुखणं ‘खोकून खोकून दुखतंय’ म्हणून सोडून देऊ नये. आणि फ्लूची लस घ्यायला जाल तेव्हा न्यूमोकोकल लसीचंही (न्यूमोनिया करणाऱ्या एका जिवाणूवरची लस) विचारून या. दोन्ही एकाच भेटीत दोन दंडांवर घेता येतात.