सहकाऱ्याच्या टिपणाला प्रतिसाद कसा लिहावा : शिक्षकांच्या ऑनलाइन अभ्यासगटासाठी

नागपूर जिल्ह्यातील शिक्षकांची केंद्रस्तरावरील शिक्षण परिषद महिन्यातून एकदा भरते आणि तिचा बराचसा वेळ परिपत्रके व माहितीचे तक्ते यांतच जातो. नरखेडचा शिक्षक आणि भिवापूरची शिक्षिका यांनी एकमेकांचा वर्ग समजून घ्यावा, अशी सोय तेथे नसते. ती मोबाइलवर होऊ शकते; मात्र त्यासाठी गट स्थापन करणे पुरेसे नाही. गट शिकू लागतो तो एकाने आपल्या तासिकेविषयी लिहिलेल्या टिपणाला दुसऱ्याने दिलेल्या उत्तरातून. म्हणून टिपण लिहिण्याइतकाच विचार प्रतिसाद लिहिण्याचाही करावा लागतो आणि येथे मुख्यतः त्याविषयीच लिहिले आहे.

सर्वप्रथम गट वेगळा आणि लहान ठेवावा. केंद्राचा किंवा तालुक्याचा जो शासकीय गट असतो, त्यात ‘आज सायंकाळपर्यंत लिंक भरावी’ आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा यांच्या मधे एखादे गंभीर टिपण टाकले, तर ते तासाभरात वर सरकून दिसेनासे होते. संख्येचाही प्रश्न आहे. ऑनलाइन समूहांत साधारण ९० टक्के लोक नुसते वाचतात, ९ टक्के अधूनमधून लिहितात आणि उरलेला १ टक्काच बहुतेक लेखन करतो, असा ठोकताळा संकेतस्थळांच्या वापराचे अभ्यासक याकोब निल्सन यांनी २००६ मध्ये मांडला होता. दोनशे जणांच्या गटात गप्प राहणे सोपे असते, दहा जणांत ते जाणवते. माझ्या मते आठ ते बारा ही संख्या योग्य होय.

आठवड्याला एकच टिपण असावे आणि पाळी आधी ठरलेली असावी. टिपण अर्ध्या पानाचे, एकाच तासिकेविषयी आणि शेवटी एक प्रश्न असलेले हवे. ‘आम्ही हा उपक्रम यशस्वीरीत्या राबविला’ असे वाक्य ज्यात येते, त्या लेखनाला टाळ्यांखेरीज उत्तर नसते. तो अहवाल झाला. वहीच्या पानाचे छायाचित्र जोडायचे असल्यास मुलाचे नाव झाकून घ्यावे.

आता प्रतिसादाकडे वळू. समजा, काटोलकडच्या एका शिक्षकांनी पाचवीच्या वर्गात अपूर्णांकांसाठी दोन संत्री सोलली. एकात दहा फोडी निघाल्या, दुसऱ्यात अकरा. एक फोड म्हणजे पहिल्या संत्र्याचा १/१० आणि दुसऱ्याचा १/११ भाग, हे मुलांनी बरोबर सांगितले. परंतु यांतला मोठा कोणता, असे विचारताच एका मुलीने १/११ म्हटले, कारण अकरा दहापेक्षा मोठे. टिपणाच्या शेवटी त्यांचा प्रश्न आहे : हा गैरसमज कसा दूर करावा?

या टिपणावर पहिली प्रतिक्रिया बहुधा ‘खूप छान उपक्रम, सर!’ अशी आणि हात जोडलेल्या चिन्हासह येते. ती सौजन्याची असते, पण विचारलेल्या प्रश्नाला स्पर्शही करत नाही. आणि अशा पाच प्रतिक्रिया ओळीने आल्या, की सहावा माणूस वेगळे काही लिहिण्यास संकोचतो. माझ्या अनुभवाने कठोर टीकेपेक्षा या रांगेनेच अधिक गट निकामी केले आहेत. दुसरी प्रतिक्रिया ‘संत्र्याऐवजी भाकरी घ्यायला हवी होती’ अशी असते. सूचना कदाचित बरोबरही असेल. पण कारण न देता केलेली सूचना आदेशासारखी वाटते आणि लिहिणाऱ्याच्या हाती विचार करण्याजोगे काही पडत नाही.

उपयोगी प्रतिसाद साधारण असा असेल : “सर, त्या मुलीने १/११ मोठे म्हटले तेव्हा ती दोन अंकांची तुलना करत होती की हातातल्या दोन फोडींची, हे टिपणावरून मला कळले नाही. दुसरे संत्रे आकाराने मोठे असेल, तर त्याची फोडही मोठी असू शकते आणि मग तिचे उत्तर डोळ्यांना खरेच दिसते. शिवाय एकाच संत्र्याच्या फोडीही सारख्या नसतात. मी माझ्या वर्गात एकाच लांबीच्या दोन कागदी पट्ट्या घेतल्या. एक चार भागांत व दुसरी आठ भागांत दुमडायला लावली, कारण निम्मे निम्मे करत गेले की हे भाग नेमके मिळतात. १/८ लहान आहे हे मुलांनी पट्टीवर पाहिले. आपण तिला तिचे उत्तर समजावून सांगायला लावले होते का?”

या उत्तरात टिपणातील एक नेमकी जागा धरली आहे, तेथे काय घडले असावे याचा अंदाज कारणासह दिला आहे, स्वतःच्या वर्गातील अनुभव उपदेशाचा सूर न लावता ठेवला आहे आणि शेवट अशा प्रश्नाने केला आहे, ज्याचे उत्तर फक्त त्या शिक्षकांनाच देता येईल. प्रत्येक प्रतिसादात हे सारे असलेच पाहिजे असे नाही. नेमकी जागा मात्र सुटता कामा नये.

प्रतिसादाचा रोख कामावर असावा, माणसावर नव्हे. क्लूगर आणि डीनिसी या संशोधकांनी १९९६ मध्ये अभिप्रायांवरील अनेक प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा सरासरीने कामगिरी सुधारलेली दिसली तरी एक तृतीयांशाहून अधिक वेळा अभिप्रायामुळे ती खालावली होती. आणि अभिप्राय कामाकडून व्यक्तीच्या ‘स्व’कडे सरकला की त्याचा उपयोग घटतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ‘आपण हाडाचे शिक्षक आहात’ हे वाक्य ऐकायला गोड आहे, पण त्यातून उद्याच्या तासिकेसाठी काही मिळत नाही. याच कारणाने टिपणांना गुण, तारे किंवा ‘या महिन्याचे सर्वोत्तम टिपण’ असले मान देऊ नयेत. संशोधक रूथ बटलर यांच्या १९८८ मधील प्रयोगात नुसता लेखी अभिप्राय मिळालेल्या मुलांची कामगिरी सुधारली होती. अभिप्रायासोबत गुणही दिले, तेथे तो लाभ दिसला नाही. प्रयोग मुलांवरचा आहे, पण मोठ्यांची नजरही आधी आकड्याकडेच जाते.

मतभेद कोठे मांडावा, हा नाजूक भाग आहे. गणित चुकले असेल, सनावळी चुकली असेल, तर ते त्या व्यक्तीला स्वतंत्रपणे कळवावे आणि दुरुस्ती तिलाच करू द्यावी. शिकविण्याच्या पद्धतीविषयी मत वेगळे असेल, तर ते गटातच लिहावे, कारण सर्वांनी शिकण्याजोगे तेच असते. ‘हे चूक आहे’ यापेक्षा ‘मॅडम, माझ्या वर्गात याच्या उलट घडले’ असे लिहिल्यास चर्चा पुढे जाते. गटात केंद्रप्रमुख किंवा विस्तार अधिकारी असतील, तर त्यांनी सर्वांत शेवटी लिहावे. साहेबांचे मत आधी आले की पुढची सारी मते त्याला दुजोरा देणारी निघतात, हे सांगायला नकोच.

काही व्यावहारिक बाबी. व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर देताना मूळ संदेश उजवीकडे सरकवून त्यालाच जोडून लिहावे, अन्यथा दोन दिवसांनी कोणते उत्तर कशाला होते, हे उमगत नाही. ध्वनिसंदेश शक्यतो टाळावेत, कारण नंतर ते शोधता येत नाहीत. टिपण वाचल्यावर लगेच न लिहिता एक रात्र जाऊ द्यावी. दर महिन्याला एका सदस्याने चर्चेचा धागा सांभाळावा, म्हणजे अनुत्तरित प्रश्नाकडे लक्ष वेधावे आणि गप्प असलेल्याला नावाने विचारावे. वार्षिक परीक्षेच्या दिवसांत काम थांबविण्यास हरकत नाही. विदर्भातील शाळा उन्हामुळे साधारण जूनच्या अखेरीस उघडतात, तेव्हा नव्या पाळ्या ठरवून पुन्हा सुरुवात करावी.

सर्वांत दुर्लक्षित राहतो तो टिपण लिहिणाऱ्याचा परतीचा प्रतिसाद. ‘सर्वांचे मनःपूर्वक आभार’ एवढ्यावर तो आटोपू नये. सुचविलेल्यांपैकी काय करून पाहिले आणि काय घडले, हे दोन-तीन वाक्यांत पंधरा दिवसांच्या आत लिहावे. वरच्या उदाहरणात ते असे असू शकेल : “पट्ट्या दुमडून पाहिल्या. १/४ आणि १/८ यांत मुलगी चुकली नाही. परंतु फळ्यावर १/१० आणि १/११ लिहिल्यावर पुन्हा अकरालाच मोठे म्हणाली. पट्टीवरून अंकांकडे कसे यावे?” हे पुढच्या आठवड्याचे टिपण समजावे आणि ज्यांनी पट्टी सुचविली, त्यांनीच प्रथम उत्तर द्यावे.